बडोद्याहून बोरिवली: फलाटावरून चालत जंगलात

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी.

आपल्या बडोदेकरांना बोरिवली माहीत असते ती झोपेत. रात्रीच्या गाडीत पहाटे कुणीतरी पाय हलवून म्हणतं, "उठा, बोरिवली आली," अर्धा डबा चादरी गोळा करत उतरतो आणि उरलेला दादरपर्यंत पुन्हा डोळे मिटतो. मीही लहानपणापासून तिथे उतरले ती फक्त लोकल बदलायला. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडून पंधरावीस मिनिटं चाललं की बिबट्यांच्या जंगलाचं दार लागतं, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा आईला न्यायचं आहे, म्हणून हा धागा.

आधी मला काय मिळालं ते सांगते, म्हणजे प्रश्न का विचारते आहे ते कळेल.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. चारही बाजूंनी वस्ती आणि मधोमध डोंगर. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाणे, उत्तरेला घोडबंदर. आत विहार आणि तुळशी असे दोन तलाव. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. ही दुसरी तारीख वाचली आणि मी थबकलेच, कारण आपली कमाटीबागही १८७९ चीच. एकाच वर्षी तिकडे मुंबईची तहान भागवायला जंगलात तलाव बांधून पूर्ण झाला आणि इकडे सयाजीरावांच्या राज्यात विश्वामित्रीच्या काठावर लोकांसाठी बाग उभी राहिली. आपल्याला तहानेसाठी आजवा तलाव मिळायला १८९२ उजाडलं. तलावासाठी भोवतीचं रान राखावं लागतं. बोरिवलीचं जंगल टिकलं त्यात या पाण्याचा वाटा फार मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो. रात्रीची एकता नगर–दादर, म्हणजे आपली जुनी वडोदरा एक्सप्रेस. बोरिवलीला उतरलो तेव्हा बाहेर अंधारच होता. फलाटावर पालघर-डहाणूकडच्या बायका पहिल्या लोकलने आलेल्या. डोक्यावरून गाठोडी उतरवून पळसाची पानं मोजत होत्या. एकीने पानांची चळत गुडघ्यावर ठोकून सारखी केली, केळीच्या सोपाने बांधली आणि टोपलीत आडवी ठेवली. तिच्या हातांना पानांचा हिरवा वास येत होता. चहा घेतला, रावपुऱ्यातून आणलेला लीलो चेवडो काढला, त्यातला थोडा त्यांनाही दिला. उजाडल्यावर चालायला लागलो.

हायवे ओलांडून दारातून आत गेलं की पहिली पाच मिनिटं बागेसारखीच वाटतात. मुलं, फुगे, सकाळी फिरायला आलेले आजीआजोबा. मग दहिसर नदीवरचा पूल येतो आणि पुढे आवाज एकदम गळून पडतो. मागे हायवे आहे हे माहीत असतं, तरी कान ते मानत नाहीत.

आता प्रश्न. आई अडुसष्ट वर्षांची आहे. डावा गुडघा दुखतो, पण रोज कमाटीबागेत दोन फेऱ्या मारते. तिला कान्हेरीची लेणी बघायची आहेत. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं आहे का? भाऊ म्हणतो बडोद्याहून गाडी करून जाऊ. मला ते पटत नाही. रेल्वेने जाऊन चालत आत शिरायचं, यातच या जागेचं सारं सुख आहे. पण आईच्या गुडघ्यापुढे माझा हट्ट नको.

निवृत्त_गार्ड

ताई, पश्चिम रेल्वेवर तीस वर्षं नोकरी झाली. आता मांजलपूरला असतो. तुमच्या धाग्यात बोरिवली स्टेशनाबद्दल थोडी भर घालतो, कारण ते इतकं मोठं का झालं हे फार कुणी सांगत नाही.

बीबी अँड सीआयची, म्हणजे जुन्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची लाईन आपल्याकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली नाही. उतराण–अंकलेश्वर १८६०, बडोदे १८६१ आणि मुंबईत ग्रँट रोडला गाडी पोचली १८६४ साली. विरारहून मुंबईतल्या बॅकबेला लोकल सुरू झाली १८६७ मध्ये. तेव्हा बोरिवली म्हणजे भातशेती आणि ताडाची झाडं. पुढे ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली वीज आली. विजेची तार विरारपर्यंत जायला १९३६ उजाडलं. मधली आठ वर्षं विजेच्या लोकलचा शेवट बोरिवलीच होता. जिथे गाडी संपते तिथे सायडिंग लागतं, माणसं राहतात, दुकानं येतात. आजही स्लो लोकलचं मोठं टोक तेच. गाडी लागते, रिकामी होते, मोटरमन आपली केबिन सोडून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि तीच गाडी चर्चगेटकडे तोंड करते.

याचा तुम्हाला उपयोग असा. सहलीनंतर कुणाला पुढे मुंबईत जायचं असेल तर बोरिवलीहून सुटणारी लोकल पकडा. बसायला मिळेल. विरारहून भरून आलेल्या फास्टमध्ये आईंना चढवायला जाऊ नका. आणि मेल-एक्सप्रेस बोरिवलीला मोजकीच मिनिटं थांबते. सामान आधीच दाराशी आणून ठेवा, वयस्कर माणूस आधी, बॅगा नंतर.

कमाटीबागवाली

सोमवारी जाऊ नका! उद्यान सोमवारी बंद असतं. आमची अकरा जणांची टोळी जोडून सुट्टी आली म्हणून सोमवारी गेली होती. दारावर कुलूप. मुलांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. चूक आमचीच, साधी चौकशीही केली नव्हती. पर्यटकांसाठी दार सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतं, त्यामुळे पहाटेच्या गाडीने गेलात तर स्टेशनवर थोडा वेळ काढावा लागतो. वेटिंग रूममध्ये आईंना पाय पसरता येतील.

आणि मुलं बरोबर असतील तर सिंह बघायला न्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी तिकडे गेली. माझा लेक सफारीच्या बसमधून त्यांना "केम छो" म्हणाला. गाडीभर मराठी माणसं होती, सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि मग गप्पाच सुरू झाल्या.

वनराणीची, म्हणजे उद्यानातल्या रुळांवरच्या छोट्या गाडीची आठवण मात्र हळहळ लावते. माझ्या मुलीने त्या छोट्या गाडीतून चक्कर मारली होती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं आणि ती बंद पडली. आपल्या बागेतल्या छोट्या गाडीवर वाढलेल्या मुलांना ती दुसऱ्या गावची बहीण वाटायची.

पोढी

धाग्याचं नाव बघून आलो. मी मूळचा बडोद्याचा, आता कांदिवलीत. कान्हेरीला साठसत्तर वेळा तरी गेलो असेन, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरसागरकाठ, आईंना नक्की न्या. दारापासून लेण्यांपर्यंत मिनीबस जाते. ती घ्या. आईंचं सगळं चालणं वरच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा. लेण्यांना वेगळं तिकीट आहे. मुख्य चैत्यगृह, म्हणजे तीन नंबरचं लेणं, पायऱ्या चढून गेलं की अगदी सुरुवातीलाच आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच उभे बुद्ध आहेत. तिथल्या शिलालेखात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं नाव आहे. आई तेवढंच बघून सावलीत बसल्या तरी सहल वाया गेली असं वाटणार नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते पाण्याबद्दल.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत, १०९ मोजतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षू राहिले. इतकी माणसं उघड्या काळ्या खडकावर उन्हाळा कसा काढायची? लेण्याच्या दाराशी बघा, बहुतेक ठिकाणी जमिनीत चौकोनी तोंड दिसेल. ती पोढी. आपण आज टाकं म्हणतो, लेण्यांतल्या लेखांत शब्द 'पोढि' असाच आहे. दान देणाऱ्याने लेणं दिलं आणि पोढी दिली, असं दगडावर कोरून ठेवलं आहे. म्हणजे घर देताना पाण्यासकट द्यायचं.

पावसाळ्यात जाल तेव्हा वरच्या कातळावर पालथे पडून बघा. बोटभर रुंद चर खोदलेले आहेत. उतार इतका नेमका की पाणी रेंगाळत नाही आणि उसळतही नाही. एका जुलैत मी पळसाचं पान त्या चरात सोडलं होतं. पान वळणावर क्षणभर थांबलं, सरळ झालं आणि सरकत जाऊन खालच्या पोढीच्या तोंडाशी टेकलं. छिन्नीने तो उतार काढणाऱ्या माणसाचा हात मला त्या वेळी अगदी जवळ वाटला.

अजून एक, खास आपल्यासाठी. बडोद्याहून येताना गाडी नवसारी, संजाण, मग नालासोपारा अशी येते. नालासोपारा म्हणजे प्राचीन सोपारा बंदर. कान्हेरीच्या दानलेखांत सोपाऱ्याचे आणि कल्याणचे व्यापारी आहेत. आणि ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. पारशी मंडळी लेणी बघायला आली आणि आपली नावं कोरून गेली. संजाण हे पारशांचं पहिलं ठाणं मानतात आणि नवसारी तर आपल्या बडोदे संस्थानचाच प्रांत. म्हणजे या बाजूशी नातं असलेली माणसं हजार वर्षांपूर्वी तिथे पाहुणी म्हणून गेलेली दिसतात. ९० नंबर थोडं वर आहे, आईंना जमलं नाही तर तुम्ही जाऊन या.

कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आलं, काळा डोंगर. उन्हात त्या दगडावर हात ठेवला की नाव का पडलं ते कळतं.

रावपुरेकर

मी सुरसागरकाठ यांच्या भावाच्या बाजूने बोलतो. माझे वडील ऐंशीचे. रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ आला तर काय करायचं? पहाटे उतरून दोन तास स्टेशनवर बसवायचं? "चालत शिरण्यात सुख आहे" हे धडधाकट माणसाने म्हणणं सोपं आहे. आम्ही गाडीने गेलो, वडिलांना जपून नेलं, त्यांनी लेणी पाहिली. त्यात काही कमी पडलं असं मला वाटत नाही.

सुरसागरकाठ

रावपुरेकर, तुमचं म्हणणं मान्य. "सारं सुख" असं लिहायला नको होतं. तुम्ही वडिलांना नेलंत हेच मोठं. माझा मुद्दा एवढाच, की ज्यांना जमेल त्यांनी रेल्वेने जावं. रविवारी त्या दाराबाहेर गाड्यांची रांग मी पाहिली आहे. स्टेशन इतक्या जवळ असलेलं जंगल दुसरीकडे कुठे मिळणार? आता तर हायवेवर मेट्रोचं 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्टेशनच आहे, एप्रिल २०२२ पासून. इतकी सोय असताना आणखी शंभर गाड्या आपण का न्याव्यात?

निवृत्त गार्डकाका, 'लाईन आपल्याकडून तिकडे गेली' हे वाक्य भावाला वाचून दाखवलं. तो आता तिकिटं बघतो आहे.

दहिसर_नदी

मी बोरिवली पूर्वेचीच. माहेर वाडीचं, बडोद्याचं. धागा वाचून राहवेना.

तुम्ही पाहुणे म्हणून येता तेव्हा पूल ओलांडताना नदी दिसते. आम्हाला ती पुढेही दिसते. तुळशी तलावाच्या बाजूने निघते, जंगलात स्वच्छ वाहते, शेवाळ लागलेल्या दगडांवरून, इतकी की तळातली वाळू मोजावी. दारातून बाहेर पडली की काही अंतरातच तिचा रंग बदलतो. सासरी आले तेव्हा मला विश्वामित्रीच आठवली. पावागढहून येताना कशी असते आणि बडोद्यातून जाताना काय होते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आईच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. नदीला जागा ठेवली नाही की ती आपली जागा घेते, हे मी माहेरीही पाहिलं आणि सासरीही.

आता जंगलाखालून बोगदा होतो आहे, ठाणे–बोरिवली जुळा बोगदा, जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. सगळा रस्ता ११.८ किलोमीटरचा, त्यातला १०.२५ किलोमीटर भूमिगत. माझी नणंद ठाण्याला शिकवते. घोडबंदरने रोज जाते, घरी येईपर्यंत तिचा चेहरा बघवत नाही. तिच्यासाठी मला बोगदा हवा आहे. आणि जंगलाच्या पोटातलं पाणी कुठे वळेल या विचाराने रात्री जागही येते. दोन्ही खरं आहे.

बिबट्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगते. २०१५ मध्ये कॅमेरे लावून मोजले तेव्हा उद्यान आणि शेजारची आरे कॉलनी मिळून ३५ बिबटे होते. तीन वर्षांनी ४७. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून एक जातो, पहाटे तीन-चारच्या सुमारास. आम्ही कचरा उघड्यावर टाकत नाही, त्यामुळे कुत्री जमत नाहीत, त्यामुळे तो थांबत नाही. मुलांना संध्याकाळनंतर एकटं बाहेर सोडत नाही. एवढं पाळलं की तो त्याच्या वाटेने जातो. तो दिसला की लगेच पिंजरा लावा म्हणणारे शेजारी पूर्वी होते, आता कमी झाले. एक पकडून हलवला तर रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि हलवलेला अनोळखी जागी बिथरतो.

जंगलात वारली, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. रस्त्याच्या कडेला बायका काकड्या, बोरं, चिंचा, आवळे घेऊन बसतात. घासाघीस करू नका, एवढीच विनंती.

कमाटीबागवाली

दहिसर_नदी, आईच्या घरात आता सगळं ठीक ना? आम्ही समा भागात होतो, आमच्याकडेही पाणी आलं होतं. मगरीच्या भीतीने दोन दिवस कुणी खाली उतरलं नाही.

दहिसर_नदी

ठीक आहे हो. दिवाण गेला, लाकूड फुगून उकललं. बाकी सगळं धुऊन घेतलं. विचारलंत, बरं वाटलं.

निवृत्त_गार्ड

कारवी कुणी पाहिली आहे का? सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, मग झुडूप मरतं. ड्युटीवर असताना सहकारी सांगायचे, डोंगर जांभळा झाला आहे, जा बघून ये. मला कधी सुट्टी मिळाली नाही.

पोढी

काका, पुढच्या वेळी फुलली की मी इथे लिहीन. तुम्ही बोरिवलीला उतरा, मी फलाटावर असेन.

सुरसागरकाठ

जाऊन आलो. रविवारी. आई, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी.

आईला खालचा बर्थ मिळाला, तरी ती झोपली नाही. संजाण गेलं तेव्हा जागीच होती. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तशी म्हणाली, "आता सामान दाराशी न्या, गार्डांनी सांगितलंय ना." वेटिंग रूममध्ये तासभर पडली. मग म्हणाली, रिक्षा नको, चालते. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहिले. तीन ठिकाणी बसत बसत दारापर्यंत चालली. पुढे मिनीबस घेतली.

तीन नंबरच्या लेण्यात ती बुद्धाच्या पायाशी बराच वेळ उभी होती. भाऊ मुलांना घेऊन ९० नंबरपर्यंत गेला आणि पारशांचे लेख बघून आला. आम्ही दोघी एका लेण्याच्या ओट्यावर बसलो. शेजारीच पोढी होती, तोंडाशी पाणी काळंभोर. मी पोढींचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला. "घर देताना पाण्यासकट द्यायचं" इथे आई म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग तिने पदर खोचला, हळूच खाली वाकली आणि बोटं पाण्यात बुडवून बघितली. "गार आहे गं," म्हणाली.

उतरताना एका वारली बाईकडून बोरं घेतली. आईने भाव विचारला नाही, नोट पुढे केली आणि उरलेले पैसे घेतले.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनच्या पुलावर उभे राहिलो. एक स्लो लोकल आली, रिकामी झाली, आणि मोटरमन खांद्याला बॅग लावून दुसऱ्या टोकाकडे निघाला. काका, मुलांनी तो शेवटच्या डब्यापर्यंत नजरेने पोचवला.

दहिसर_नदी, पुढच्या वेळी तुमच्याकडे येऊ. आईने भाखरवडीचा पुडा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे.